बाहेरचं लाकडी दार: लाकडाला हलायला जागा, पाण्याला जायला वाट

प्रश्न थोडक्यात असा आहे. दर्शनी दारावर पावसाची झड थेट येते. आधीचं फ्लश डोअर चार पावसाळ्यांत खालून फुगलं आणि त्याचे पापुद्रे सुटले. आता सागाचं भरीव दार करायचं आहे. एक कारागीर म्हणतो, फळ्या एकमेकींना चिकटवून एकसंध झडप करू, मजबूत होईल. दुसरा म्हणतो, जुन्या पद्धतीचं, उभ्या-आडव्या पट्ट्यांमध्ये फळ्या, म्हणजे पॅनल, बसवलेलं दार करू. भरीव दारंही वाकतात, त्यांना फटी पडतात असं ऐकलंय, मग कोणाचं ऐकायचं?

दुसऱ्याचं ऐका. पण तो पॅनल चिकटवणार आहे का, हे आधी विचारून घ्या. ‘हो’ म्हणाला तर तिसरा शोधा.

आता कारण सांगतो, कारण ते कळलं की पुढचे निम्मे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. लाकूड वाळवून, रंगवून, पन्नास वर्षं झाली तरी हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं आणि त्याप्रमाणे रुंदीत कमी-जास्त होतं. सागाचं ओलं लाकूड पार कोरडं केलं तर वलयांच्या कडेकडेने साधारण ५.८ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने २.५ टक्के, आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. लांबीत लाकूड हलतच नाही म्हणा. सगळा खेळ रुंदीचा. हे आकसणं ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास उतरला की सुरू होतं, म्हणजे ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे रुंदीत सुमारे ०.१९ टक्के फरक.

तीन फुटी, म्हणजे ९०० मिलिमीटर रुंदीची एकसंध झडप घ्या. कोरड्या दिवसांपासून भर पावसापर्यंत तिचा ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर ती जवळजवळ ७ मिलिमीटर रुंद होते. दोन सुतांहून जास्त (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दाराच्या दोन्ही बाजूंना आपण फट ठेवतो सूत-सूतभर. म्हणजे दार पावसाळ्यात चौकटीत आवळून बसणार. सुतार येऊन रंधा मारणार आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी बोटभर फट दिसणार. हा सागाचा हिशेब झाला. साग त्यातल्या त्यात शांत लाकूड आहे. ओक जवळजवळ दुप्पट हलतो.

आता तेच दार पट्ट्यांचं करा. दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी साडेचार इंचांची. त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या, पण त्यांची लांबी दाराच्या रुंदीत जाते आणि लांबीत लाकूड हलत नाही. उरली फक्त दोन उभ्या पट्ट्यांची नऊ इंच रुंदी. ती हलेल दोनेक मिलिमीटर. मधले पॅनल खोबणीत मोकळे, ते आतल्या आत हवे तेवढे फुगोत. सात मिलिमीटरचे दोन झाले, ते केवळ रचनेमुळे. लाकूड तेच, कारागीर तोच. पॅनलचं दार शोभेसाठी निघालं असं पुष्कळांना वाटतं. नक्षी नंतर आली.

ही रचना किती टिकते याचं एक उदाहरण रोममध्ये आहे. सांता साबिना या चर्चचं सायप्रस लाकडाचं दार पाचव्या शतकातलं आहे, त्यातले १८ कोरीव पॅनल आजही टिकून आहेत. पण त्या दाराच्या पुढे छपराखालची ओवरी आहे, हेही लक्षात घ्या. सोळाशे वर्षांचं श्रेय एकट्या सुताराला नाही, गवंड्यालाही आहे. तुमच्या दारावर छज्जा नसेल आणि घालणं शक्य असेल, तर भारी लाकूड, भारी पॉलिश वगैरेंवर खर्च करण्याआधी तो घाला.

पॅनल न चिकटवण्याबद्दल मी एवढा हट्टी का, तर ही चूक मी स्वतः केली आहे. स्वतंत्र काम घ्यायला लागलो त्या सुरुवातीच्या दिवसांत एका दाराचे पॅनल खोबणीत किंचित ढिले होते, दार आपटलं की खडखडायचे. मला ते कमीपणाचं वाटलं. खोबणीत चहूबाजूंनी डिंक भरला आणि घट्ट बसवून दिले. पहिल्याच कोरड्या ऋतूत मालकांचा निरोप आला, रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला म्हणून. जाऊन पाहिलं तर मधला पॅनल वरपासून खालपर्यंत सरळ उभा तडकला होता, आणि तडा डिंकाच्या जागी नव्हता, धडधाकट लाकडातून गेला होता. आकसायला वाट मिळाली नाही म्हणून त्याने स्वतःच वाट काढली. पॅनल माझ्या खर्चाने बदलून दिला. खडखडाटावर उपाय साधा आहे: वर आणि खाली, पॅनलच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर, एकेक खुंटी किंवा डिंकाचा एकच थेंब. मग पॅनल मध्यावर धरला जातो आणि दोन्ही बाजूंना सारखा सरकतो.

लाकूड निवडताना जातीपेक्षा तुकडा बघा. साग आहे म्हणजे कुजणार नाही, हे अर्धसत्य आहे. टिकतो तो सागाचा गाभा. सालीलगतचा पांढरट पट्टा सागाचा असला तरी बुरशीला आणि किडीला तो कोणत्याही साध्या लाकडासारखाच. घासून पॉलिश केल्यावर हा पट्टा रंगात लपवता येतो, म्हणून लाकूड कोरं असतानाच बघा. बाहेरच्या दारात पांढरं लाकूड कुठेच नको, आणि खालच्या आडव्या पट्टीत तर अजिबात नको.

मग तुकड्याचं टोक बघा. टोकावर वलयांच्या रेषा जाडीत उभ्या दिसत असतील तर ती फळी रुंदीत निम्म्याहून कमी हलते आणि वाकत नाही. रेषा आडव्या कमानीसारख्या दिसत असतील तर ती फळी पन्हाळीसारखी वळू शकते. सगळं लाकूड उभ्या रेषांचं मिळणार नाही. जेवढं मिळेल तेवढं उभ्या पट्ट्यांना वापरा, विशेषतः कुलपाच्या बाजूच्या. बिजागऱ्यांकडच्या पट्टीला तीन ठिकाणी चौकटीचा आधार असतो, कुलपाकडची एकटी उभी असते. पीळ पडला तर तिथेच दिसतो.

वाळण्याबद्दल जुना अंदाज असा की सावलीत, हवेशीर थप्पीत इंचभर जाडीला एक वर्ष. भट्टीत वाळवलेलं लाकूडही चालतं, फक्त ओलावा मीटर लावून मोजा. १२ ते १४ टक्के असेल तर कामाला घ्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगतो, जी घाईत हमखास गाळली जाते. पट्ट्या आधी जाडजूड कापा, सूत-दीड सूत जास्त ठेवा, आणि मध्ये काड्या घालून दोन-तीन आठवडे तशाच पडू द्या. मोठ्या ओंडक्यातून पट्टी सुटली की तिच्यात दबलेला ताण मोकळा होतो आणि ती वाकायची तेवढी वाकते. ते वाकणं आधी होऊ द्यायचं, मग रंध्याने सरळ करायचं. कापल्याच दिवशी रंधून सांधे केलेलं दार महिन्याभरात आपला खरा आकार दाखवतं.

आता सांधे. इथे थोडा वेळ घेतो, कारण दार मोडतं ते इथेच.

दाराची तयार जाडी पावणेदोन इंच धरा. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे भोकात बसणारं बारीक केलेलं टोक, काढायचं, ते जाडीच्या एक तृतीयांश, साधारण पाच सुतांचं. उभ्या पट्टीत त्याच मापाचं भोक, आणि ते आरपार. अर्ध्यावर थांबलेलं भोक आणि त्यात डिंक, हे आतल्या कपाटाला ठीक. बाहेरच्या दाराचं कुसू पलीकडे दिसलं पाहिजे. पलीकडच्या तोंडाशी भोक वर-खाली सूत-सूतभर रुंद करायचं आणि कुसू बसलं की दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायच्या. कुसवाचं टोक आत पसरतं, मग ते मागे येऊच शकत नाही. डिंक पुढेमागे मेला तरी सांधा जागेवर राहतो.

खालची पट्टी आठ-नऊ इंच रुंद असते. तिला एकच रुंद कुसू काढलं तर दोन संकटं: एवढं लांब भोक पाडल्यावर उभ्या पट्टीत जीव राहत नाही, आणि रुंद कुसू कोरड्या दिवसांत आकसून भोकात ढिलं होतं. म्हणून तिथे दोन कुसवे काढायचे, मध्ये जागा सोडून. मधल्या, कुलपाच्या पट्टीलाही तसंच. आणि कुलपाची पेटी त्या दोन कुसवांच्या मधल्या भरीव जागेत येईल अशी उंची आधीच ठरवा. मी दुरुस्तीला पाहिलेल्या कित्येक दारांत सांधा उत्तम होता, पण कुलूप बसवणाऱ्याने नंतर येऊन नेमकं कुसूच खरवडून काढलेलं होतं. सुताराचं आठवड्याचं काम, गिरमिटाने दहा मिनिटांत संपवलेलं.

यावर खुंटी. ही ओढीची खुंटी कशी मारतात ते नीट सांगतो, कारण पाचर आणि ओढीची खुंटी दोन्ही असलेल्या दाराचे सांधे, आवळून धरणारे शिकंजे काढल्यावर, दुसऱ्या दिवशी उघडत नाहीत. आधी उभ्या पट्टीत, भोकाच्या गालांतून, म्हणजे दोन्हीकडच्या भिंतींतून, खुंटीचं छिद्र पाडायचं. मग कुसू कोरडंच आत घालायचं, छिद्रातून गिरमिटाच्या टोकाने खूण करायची आणि कुसू बाहेर काढायचं. आता कुसवातलं छिद्र त्या खुणेवर पाडायचं नाही. खांद्याच्या दिशेने, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं तिकडे, अर्धा सूत सरकवून पाडायचं. पुन्हा जुळवलं की दोन छिद्रं किंचित चुकलेली दिसतात, चंद्रकोरीएवढं लाकूड आडवं येतं. त्यात टोकाला निमुळती केलेली खुंटी मोगरीने मारली की ती वाकत वाकत आत जाते आणि कुसवाला खांद्यापर्यंत खेचून धरते. आवाजावरून कळतं, ठोका आधी पोकळ वाजतो, खांदा बसला की एकदम भरीव. खुंटीचं लाकूड करवतीने कापलेलं नको, रेषेवर फोडून काढलेलं हवं, नाहीतर वाकताना मोडते. एक खूप जुनं दार सोडवताना मी अशी खुंटी शाबूत बाहेर काढली होती. ती मधोमध नागमोडी वाकलेली होती, आणि त्या वाकातच तिचा ताण अजून जिवंत होता. त्या दारात डिंकाचा मागमूस नव्हता.

डिंक वापरायचाच तर पाण्यात न विरघळणारा, बाहेरच्या कामाचा वापरा. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याआधी सांध्याला ॲसिटोनचा बोळा फिरवा आणि लगेच लावा. आणखी एक: उभ्या पट्ट्या वर-खाली दोन-दोन इंच जास्त लांब ठेवतात, त्यांना शिंगं म्हणतात. वरच्या सांध्यात पाचर ठोकताना टोक फाटू नये म्हणून ती असतात, शिवाय दार हलवताना कोपरे वाचतात. शिंगं दार बसवतानाच कापायची. कारागिराने आधीच कापून ठेवली असतील तर त्याला घाई झाली होती असं समजा.

पॅनलची खोबण चार-पाच सूत खोल. पॅनल दोन्ही बाजूंना खोबणीच्या तळापासून अंतर ठेवून, पण हे अंतर ऋतू पाहून. दमट दिवसांत काम करत असाल तर पॅनल फुगलेलाच आहे, मिलिमीटरभर पुरे. कोरड्या दिवसांत करत असाल तर प्रत्येक बाजूला सूतभर सोडा. आणि जोडण्याआधी पॅनलला कडेपर्यंत तेल किंवा रंग लावून घ्या. नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात तो आकसला की कडेला कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ उघडी पडते, आणि ती नंतर झाकता येत नाही.

खालच्या आडव्या पट्टीची खोबण ही बाहेरच्या दाराची सगळ्यात दुबळी जागा. आकाशाकडे तोंड करून उघडलेली पन्हाळच ती. पावसाचं पाणी पॅनलवरून ओघळतं आणि थेट तीत साचतं. म्हणून त्या पट्टीची बाहेरची वरची कड उतरती तासायची, पॅनलच्या खालच्या कडेला बाकीच्यापेक्षा जास्त तेल पाजायचं, आणि बाहेरून शोभेची गोल पट्टी नुसती खिळ्यांनी ठोकायची नाही. तिच्यामागे पाणी अडकून राहतं आणि बाहेरून काही दिसतही नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला वाढता येत नाही. दार पावसात भिजलं म्हणून कुजत नसतं, भिजल्यावर वाळायला मिळालं नाही म्हणून कुजतं.

मागच्या दाराला किंवा फाटकाला एवढं सगळं करायची गरज नाही. उभ्या फळ्या, मागून तीन आडव्या पट्ट्या आणि तिरपे टेकू, हे दार पुरतं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये जवळपास असंच एक ओकचं दार आहे. २००५ मध्ये त्याच्या लाकडाची वलयं मोजून ते अकराव्या शतकातलं, १०५० च्या दशकातलं ठरलं. पाच उभ्या फळ्या आणि तीन आडव्या पट्ट्या. अशा फळ्यांच्या दारात दोनच गोष्टी सांभाळा. फळ्या जीभ-खोबणीने एकमेकींत नुसत्या अडकवा, चिकटवू नका, आणि प्रत्येक फळी मध्याजवळच पट्टीला पक्की करा, म्हणजे ती दोन्हीकडे मोकळी राहते. आणि तिरपा टेकू खाली बिजागरीच्या बाजूला, वर कुलपाच्या बाजूला. उलटा लावलेला टेकू फक्त दिसायला असतो. दाराचं वजन तो बिजागरीकडे ढकलत नाही, त्यामुळे दार कुलपाकडून खाली लोंबतं. गावोगावच्या फाटकांवर नजर टाका, निम्मे टेकू उलटे सापडतील.

ओकसारख्या आंबट लाकडात साधं लोखंड घालू नका. लाकडातल्या टॅनिनमुळे खिळ्याभोवती काळे ओघळ येतात आणि खिळाही गंजून बारीक होतो. पितळ किंवा स्टेनलेस स्टील वापरा. भरीव दाराला बिजागऱ्या तीन, आणि तिसरी मधोमध न बसवता वरच्या बिजागरीच्या जवळ घ्या, ओढ तिथे जास्त असते.

चौकटीचे पाय. दाराची इतकी काळजी घेऊन चौकट थेट फरशीत गाडली तर पाच वर्षांत पाय कुजतात, कारण लाकडाचं कापलेलं टोक बाजूपेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढतं. पाय दगडाच्या तुकड्यावर टेकवा, टोकांना घट्ट रंगाचे दोन-तीन हात द्या, भिंतीकडची पाठही रंगवून मगच बसवा. बसल्यावर ती पाठ पुन्हा कुणाला दिसणार नाही. उंबरठा बाहेरच्या बाजूला उतरता हवा, फूटभरात दीड इंच तरी. दाराच्या तळाशी बाहेरून पाणी झटकणारी एक पुढे आलेली पट्टी बसवा आणि तिच्या पोटाशी, कडेपासून दोन-तीन सूत आत, बारीक खोबण मारा. पाणी पट्टीच्या खालून चिकटून आत सरकू पाहतं, खोबणीशी त्याची धार तुटते आणि थेंब खाली पडतो. एवढीशी खोबण, पण तिच्याविना बाकी सगळं केलं तरी उंबरठ्यावर ओल दिसते.

रंग लावायचा की तेल, यावर वाद घालत बसत नाही. रंग जास्त संरक्षण देतो, तेल दुरुस्त करायला सोपं. जाड चकचकीत वार्निश मात्र थेट उन्हात नको. वर्ष-दोन वर्षांत तडकतं, तड्यातून पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही, मग सगळं खरवडावं लागतं. काहीही लावा, पण सहाही बाजूंना सारखं. दार बसवल्यावर रंगवायला घेतलं की वरची आणि खालची कड कोरी राहते, आणि पाणी पितात त्या नेमक्या ह्याच. बाहेरून चार हात आणि आतून एक, असंही नको. आतली बाजू जास्त ओलावा घेते आणि दाराला धनुष्यासारखा बाक येतो. काळपट रंग उन्हात फार तापतात, पश्चिमेकडच्या दाराला फिका द्या. अळशीच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

पहिल्या पावसाळ्यात दार थोडं घासेल. लगेच रंधा घेऊन धावू नका. आधी ओळंबा लावून चौकट हलली का ते बघा, मग वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. तरी घासलं, तर कार्बन पेपर मध्ये धरून दार लावा, डाग जिथे उमटेल तेवढीच जागा रंधा. आणि जी कड रंधली तिला त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, तेल किंवा रंग द्या.